मी टेबल नव्हे

मी एक जुना ट्रायपॉड आहे. कॅमेरा ज्याच्या डोक्यावर बसवतात, तो तीन पायांचा स्टँड. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला जवळून पाहिलंही नसेल. हल्ली हात लांब केला, ओठांचा चंबू केला, की फोटो निघतो. ते असो. मी आज माझं कौतुक सांगायला बसलेलो नाही. मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती संपेपर्यंत कृपा करून उठून जाऊ नका. मला ओरडता येत नाही. ओरडता आलं असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. आमच्यासारख्यांचा जन्मदाखला खोक्यावर छापलेला असतो आणि खोकं पहिल्याच दिवशी रद्दीत जातं. माझी आठवण सुरू होते ती वापीच्या एका दुकानापासून. डहाणूचे वासुदेवराव तिथे मला घ्यायला आले होते. डहाणू रोड स्टेशनजवळ त्यांचा छोटासा फोटो स्टुडिओ होता. माणूस सावकाश बोलणारा, पण वस्तू निवडताना एकदम खडूस. त्यांनी दुकानातले सगळे ट्रायपॉड रांगेत उभे करायला लावले. सगळ्यांचे पाय शेवटच्या टोकापर्यंत ओढले. मग एकेकाच्या डोक्यावर तळहात ठेवून दाब दिला, जरा पिळून पाहिलं. पहिला लटपटला. दुसऱ्याचा पाय आत घुसला. तिसरा दिसायला मोठा देखणा होता, पण त्याच्या सगळ्यात खालच्या नळ्या अगदी काडीसारख्या होत्या.

"पायाचा शेवटचा भाग बघायचा," वासुदेवराव दुकानदाराला म्हणाले. "वरून सगळेच जाड असतात."

माझ्यावर त्यांनी जवळजवळ सगळा भार टाकला. मी हललो नाही. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा फार मोठेपणा वाटला. दुकानदार मात्र काळजीत पडला. तो म्हणाला, "वासुदेवभाई, आ बहु भारे छे. ऊंचकीने थाकी जशो."

"मी दमलो तर बसून घेईन," वासुदेवराव म्हणाले. "फोटो हलला तर नवरा-नवरी परत लग्न करणार आहेत का?"

असा मी डहाणूला आलो. वासुदेवरावांच्या पत्नी वसुमतीबाईंनी मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "हे लोढणं कशाला आणलंत?" हे माझं घरातलं पहिलं स्वागत. पण त्याच बाई पुढे मला दर आठवड्याला पुसायच्या. नरपडला समुद्रावर लग्नाचे फोटो असले की घरी आल्याबरोबर माझे पाय गोड्या पाण्यानं धुवायच्या आणि एकेक जोड कोरडा करायच्या. मीठ लागलं की धातू आतून खाल्ला जातो, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मच्छीमारांच्या गावाशेजारी राहिल्यावर ते आपोआप कळतं.

मला वापरण्याची वासुदेवरावांची एक रीत होती आणि ती ते कधी मोडत नसत. आधी वरचे जाड पाय उघडायचे, त्यानं भागलं नाही तरच खालचे बारीक. मधला दांडा वर चढवायचा म्हणजे अगदी नाइलाज झाल्यावर. उतारावर एक पाय उताराच्या बाजूला, दोन वरच्या बाजूला. वाळूत पाय नुसते टेकवायचे नाहीत, खाली कडक लागेपर्यंत दाबायचे. वारा सुटला की माझ्या पोटाखालच्या हुकाला बॅग अडकवायची. आणि शेवटी, बटण दाबलं की हात दूर. "माझे हात हलतात, याचे नाही," असं ते पाहुण्यांना सांगत. एकदा नरपडच्या लग्नात असा वारा आला की मांडवाची कनात उडाली, लाइटचे स्टँड धडाधड आडवे झाले, वरमाय किंचाळली. मी उभा होतो. वासुदेवरावांनी सगळ्यांसमोर माझ्या पायावर थाप मारली. तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता.

मग काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आला. लग्नात माझ्यापुढे उभं राहायला कोणाला वेळ राहिला नाही. वासुदेवरावांचे गुडघे गेले, स्टुडिओचं शटर बंद झालं आणि मी घरच्या गच्चीवर कपडे वाळत घालायच्या कामाला लागलो. एका पायावर ओला टॉवेल, दुसऱ्यावर परकर. वसुमतीबाई म्हणायच्या, "निदान उभा तरी आहे." पुढे वासुदेवराव गेले. त्यांच्या भिंतीवरच्या फोटोसाठी कोणीतरी मोबाइलमधला एक फोटो मोठा करून आणला. तो हललेला होता. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्यांचे फोटो हलू दिले नाहीत, त्याचा स्वतःचा चेहरा पुसट. मी गच्चीच्या दारातून तो फोटो पाहिला आणि मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

मित्रांनो, इथवरची गोष्ट जुन्या वस्तूंची नेहमीचीच असते. पुढची तशी नाही.

वासुदेवरावांची मुलगी दक्षा तलासरीत शिक्षिका आहे. तुम्ही त्या बाजूला गेला असाल तर तुम्हाला माहीत असेल, काही वर्षांपासून तिथली जमीन अधूनमधून हादरते. आधी खालून सुरुंग उडाल्यासारखा आवाज येतो. लगेच धक्का. भांडी वाजतात, कुत्री भुंकतात, माणसं अंगणात येतात. कधी महिनाभर काही नाही, कधी लागोपाठ. लोकांनी अंगणात प्लास्टिकची पालं ठोकून झोपून पाहिलं, कंटाळून परत घरात गेले. माणूस कशाचीही सवय करून घेतो. जमीन हलण्याचीही.

दक्षाची एक जुनी विद्यार्थिनी सुषमा उधव्याकडच्या एका पाड्यावर अंगणवाडी चालवते. पाड्यावरची बाकी घरं कुडाची, कारवीच्या काटक्यांवर माती थापलेली. धक्का आला की ती घरं नुसती डुलतात. विटांची खोली एकच, अंगणवाडीची. पाड्याला तिचा केवढा अभिमान! आपली पोरं पक्क्या खोलीत बसतात, असं लोक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आणि त्याच पक्क्या खोलीच्या मागच्या भिंतीला तडा गेला होता.

सुषमा दक्षाला म्हणाली, "बाई, पहिल्यांदा त्यात नख जायचं. आता बोट जातं. मी तालुक्याच्या ऑफिसात सांगितलं, तर म्हणतात जुना तडा आहे, वाढत नाही."

"मोबाइलवर फोटो काढून दाखवलेस?"

"दाखवले ना. एकात मोठा दिसतो, एकात लहान. ते हसले."

ते हसले यात त्यांचीही सगळी चूक नव्हती. एकदा जवळून, एकदा लांबून, एकदा वाकडा, असे काढलेले फोटो काहीच सिद्ध करत नाहीत. तडा वाढतो आहे की नाही हे दाखवायचं, तर प्रत्येक वेळी त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, त्याच अंतरावरून फोटो हवा. दक्षा घरी आली, गच्चीवर गेली आणि तिनं माझ्या अंगावरचे कपडे काढून आईच्या हातात दिले.

मित्रांनो, मला पुन्हा काम मिळालं! मला वाटलं होतं तेवढं ते सुखाचं काम नव्हतं, पण काम होतं. त्या खोलीच्या भिंती विटांच्या असल्या तरी जमीन शेणानं सारवलेली होती. दक्षानं माझे तीन पाय त्या जमिनीत दाबले आणि तिथे तीन खळगे तयार झाले. ती महिन्यातून एकदा यायची, माझे पाय बरोब्बर त्याच खळग्यांत ठेवायची, वडिलांचा जुना कॅमेरा माझ्या डोक्यावर चढवायची, बटण दाबून हात दूर. फोटो एकाखाली एक ठेवले की लहान मुलालाही कळावं. तडा खाली रुंद होत होता आणि वर छपराकडे सरकत होता.

मला तो रोज दिसत नव्हता, महिन्यातून एकदाच दिसायचा, आणि म्हणूनच तो वाढलेला मला झटकन कळायचा. माझ्यासमोर चटईवर पोरं बसायची. भिंतीला पाठ टेकून. त्यांत तानीची निलम होती. तानी म्हणजे अंगणवाडीची मदतनीस. बाहेर चुलीवर खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, सगळ्यांना दम द्यायची. निलम तिची धाकटी, सगळ्यात बारीक, आणि तिची जागा नेमकी तड्याखाली. तिला तिथून दार दिसायचं आणि दारातून आई.

शेवटी ऑफिसातून निरोप आला की साहेब स्वतः खोली पाहायला येणार. सुषमाला इतका आनंद झाला की तिनं पाडाभर सांगितलं. दक्षानं सगळे फोटो क्रमानं लावून ठेवले. साहेबांसमोर मला उभं करायचं, आजचा फोटो काढायचा, जुन्या फोटोशेजारी धरायचा, असं तिनं ठरवलं. खोली बंद होईल, पोरांना मोकळ्यावर पत्र्याची शेड मिळेल. दोघींचं एवढंच मागणं होतं.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही पाड्यावर पोचलो. दक्षा मला खांद्यावर घेऊन दारात आली आणि तिथेच थबकली.

खोली लखलखत होती. जमीन ताजी सारवलेली. मागची भिंत गेरूनं रंगवलेली, तांबडी, अजून ओलसर. तिच्यावर तांदळाच्या पिठानं पांढरी चित्रं. सूर्य, चंद्र, ताडाचं झाड आणि ओळीनं बसलेली पोरं, प्रत्येकासमोर एकेक ताट. माझे तीन खळगे गेले होते. तडाही गेला होता. आदल्या दिवशी पाड्यावरच्या बायांनी मिळून माती, शेण आणि भाताचं तूस कालवून तो भरून टाकला होता, आणि त्यावर लिंपून, रंगवून, चित्र काढलं होतं.

तानी कोपराला लागलेला गेरू पुसत पुढे आली. तिच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता.

"तानीताई, हे काय केलंत?"

"सायेब येनार न भिंत अशी फाटकी दाखवायची? आमाला लाज नाय काय?"

"पण तेच तर दाखवायचं होतं..."

"कोन पावना आला तं आमी घर लिंपतो, बाय. ह्या तं मोठा सायेब." तानीनं भिंतीवरून हलकेच हात फिरवला. "पोरांच्या ताटात भात पन काडला, बग."

तुम्हीच सांगा, तिच्यावर रागवायचं कसं? घरी पाहुणा येणार म्हणजे घर सारवायचं, अंगण झाडायचं, भिंत रंगवायची, हे तिला आईनं शिकवलं, तिच्या आईला तिच्या आईनं. ती वेडी नव्हती आणि लबाड तर मुळीच नव्हती. तिनं आपल्या परीनं साहेबांचा मान ठेवला होता. मी दारात उभा होतो आणि माझे पाय कुठे ठेवायचे तेसुद्धा कोणाला सांगता येत नव्हतं.

साहेब आले. वाईट माणूस नव्हता. उन्हातून आला होता, अजून पुष्कळ पाडे बघायचे होते, शर्ट पाठीला चिकटला होता. तानीनं दिलेलं पाणी तो उभ्यानंच प्याला. भिंत पाहून खुलला.

"वा! एवढी सुंदर अंगणवाडी मी या भागात पाहिली नाही. तडा कुठे आहे म्हणालात?"

"साहेब, काल लिंपलाय," सुषमा घाईघाईनं म्हणाली. "याच्या खाली आहे. मोठा आहे."

"भरलात ना? मग झालं तर."

दक्षानं फोटो पुढे केले. साहेबांनी दोन-तीन चाळले. "मॅडम, हे फोटो कुठल्या भिंतीचे, मी कसं सांगू? मला समोर दिसतं तेच मी लिहिणार."

"मग मी खरवडून दाखवते."

"नको नको!" साहेबांनी खरोखर हात आडवा केला. "या बायांनी एवढी मेहनत केलीय. चित्र कशाला बिघडवता?"

त्यांनी आपल्या मोबाइलवर भिंतीचा फोटो काढला, तानीला त्यात उभं केलं, आणि गाडीत बसले. तानी हसत होती. गाडीची धूळ खाली बसली तेव्हा तिला सुषमाचा चेहरा दिसला आणि मग कुठे तिचं हसणं थांबलं. त्या क्षणी मला असं वाटलं की कोणीतरी माझे तिन्ही पाय एकदम काढून घेतले.

दक्षानं हार मानली नाही. जुना फोटो कॅमेऱ्यात बघत बघत तिनं माझी जागा पुन्हा शोधली. इकडे बोटभर, तिकडे बोटभर, खिडकीची चौकट जुळली, कोनाडा जुळला. मग ती सुषमाला म्हणाली, "आता याला इथून हलवायचं नाही. मी येईन आणि फक्त कॅमेरा चढवीन. कोणी सारवलं तरी याच्या पायांभोवतीच सारवा." असा मी त्या खोलीत राहिलो. भिंतीसमोर, तोंडासमोर चित्रातली ती पांढरी पोरं.

भिंत वाळायला लागली. आधी एक केसासारखी रेघ उमटली. मग ती खाली उतरली. ताटं घेऊन बसलेल्या पोरांच्या ओळीतून ती अशी आरपार गेली की अर्धी पोरं इकडे आणि अर्धी तिकडे झाली. सगळ्यांत आधी ते तानीला दिसलं. ती खिचडीचं पातेलं हातात घेऊन भिंतीसमोर उभी राहिली. पातेलं खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

"ह्या तं परत आला," ती म्हणाली.

"तो गेलाच नव्हता, मावशी," सुषमा म्हणाली.

दक्षानं नवे फोटो पाठवले. उत्तर आलं की तपासणी झालेली आहे, खोली सुस्थितीत आहे, पुढच्या फेरीत पाहू. सुषमानं पोरांना बाहेर मोहाच्या झाडाखाली बसवायला सुरुवात केली, तर ऑफिसातून फोन आला. रोजचा हजेरीचा फोटो खोलीतला हवा, झाडाखालचा चालणार नाही, नाहीतर पोरांचं धान्य अडकेल. सुषमानं फोन ठेवला आणि चुलीकडे पाहिलं. काही पोरांच्या पोटात सकाळपासून जे जायचं, ते तिथलंच.

मग त्यांनी एक तोड काढली. पोरं दिवसभर झाडाखाली. फक्त फोटोपुरती आत. "चला रे, पटापट! बसा! इकडे बघा! झालं, पळा बाहेर!" सुषमा एवढं एका दमात म्हणायची आणि तेवढ्यात फोटो काढायची. पोरांना तो खेळच वाटायचा. हसत आत यायची, हसत बाहेर पळायची. मी मात्र रोज त्या वेळेच्या धास्तीनं मरायचो. माझ्यासमोर भिंत, भिंतीखाली पोरं, आणि भिंतीतल्या रेघेतून आता पलीकडचा उजेड दिसत होता. मी हे कोणाला सांगणार? मला तोंड नाही. मी इतका जड, इतका पक्का, आणि इतका निरुपयोगी कधीच नव्हतो.

आणि एक दिवस नेमका त्याच वेळी खालून आवाज आला.

मी वाऱ्यात उभा राहिलो आहे, वाळूत उभा राहिलो आहे, पण पायाखालची जमीनच कोणी ओढली तर उभं राहायचं कशावर? माझे जोड कडकडले. छपराची कौलं खळाळली. भिंतीवरचा गेरूचा पापुद्रा सूर्य-चंद्रासकट सुटून खाली आला. सुषमा किंचाळली, "बाहेर! बाहेर पळा!" पोरं एकमेकांवर पडत-उठत दाराबाहेर गेली. सुषमानं दोघांना काखेत उचललं. खोली रिकामी झाली.

रिकामी झाली नव्हती. माझ्या पायाला काहीतरी गरम लागलं. खाली पाहिलं तर निलम. माझ्या तीन पायांच्या मध्ये उकिडवी बसलेली, डोकं खाली घातलेलं, आणि दोन्ही हातांनी माझा एक पाय घट्ट धरलेला.

मित्रांनो, तिनं कोणाचं न ऐकता असं केलं असं समजू नका. तिनं अगदी ऐकलं होतं. शहरातून काही माणसं येऊन पाड्यापाड्यावर शिकवून गेली होती की धक्का आला तर टेबलाखाली शिरायचं, टेबलाचा पाय घट्ट धरायचा आणि थांबेपर्यंत सोडायचा नाही. जिथे टेबल असतं तिथे ते बरोबरही असेल. पोरांना ते गाण्यासारखं पाठ झालं होतं. पण त्या अंगणवाडीत टेबल नव्हतं. निलमनं जन्मात टेबल पाहिलं नव्हतं, फक्त चित्रात पाहिलं होतं. चित्रातल्या टेबलाला पाय होते. त्या खोलीत पाय असलेली वस्तू एकच होती. मी.

निलम, सोड! मी टेबल नाही! माझ्यावर फळी नाही, माझ्या डोक्यावर काही नाही, तुझ्या डोक्यावर काही नाही! सोड माझा पाय, पळ! मी किती ओरडलो म्हणून सांगू. माझ्या आतल्या आत. तिनं पकड आणखी घट्ट केली. आयुष्यभर मला वाटायचं की माझ्यावर कोणी भरवसा ठेवावा. त्या वेळी मला वाटलं, देवा, हिनं माझ्यावर काडीचाही भरवसा ठेवू नये.

बाहेरून तानीचा आवाज आला. "माजी निलम? निलम कुठंय?" आणि ती दारातून आत आली. वरून विटेचा तुकडा पडला, तिच्या खांद्याला लागला, तिला कळलंही नाही. तिनं निलमला कमरेला धरून ओढलं. निलम सोडेना. शिकवलं होतं ना, थांबेपर्यंत सोडायचा नाही! "सोड गं, बाय, सोड!" तानी रडत ओरडत होती. आणि मग तिनं माझा पाय सोडवायचा नाद सोडला आणि निलमला धरून मागे मागे सरकत दाराबाहेर ओढत नेलं. निलमच्या मागे मी. माझे पाय सारवलेल्या जमिनीवर खरडत गेले. माझा एक पाय उंबऱ्याला अडला, वाकला आणि मधून तुटला. मला दुखलं नाही. खरंच नाही. तो तुटला म्हणून आम्ही बाहेर आलो.

मागची भिंत आत कोसळली. फार मोठा आवाज झाला नाही. माती खूप उडाली. माती खाली बसल्यावर भिंतीपलीकडचं शेत दिसलं आणि शेतात चरणारी कोणाची तरी गाय. मी उभा होतो त्या जागेवर विटांचा ढीग होता.

तानी निलमला पोटाशी धरून जमिनीवर बसली आणि स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागली. "मी बुजवला. मीच बुजवला." सुषमानं तिचे हात धरले. तिला म्हणाली, "मावशी, तू बुजवला म्हणून पडली नाही भिंत. तू नसतीस तर निलम आत राहिली असती." तानीनं ते ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. संध्याकाळी दक्षा आली. तिनं ढिगाचा फोटो काढायला कॅमेरा बाहेर काढला, मला पाहिलं, आणि कॅमेरा तसाच हातात धरून फोटो काढला. तो हलला होता. तिनं पुन्हा काढला नाही.

शेड मंजूर झाली आहे म्हणतात. अजून आलेली नाही. पोरं मोहाखाली बसतात आणि आता हजेरीचा फोटो झाडाखालचा चालतो. मला बुंध्याला टेकवून ठेवलं आहे. दोन पाय धड, एक अर्धा. कोणी माझ्यावर दप्तर अडकवतं, कोणी ओला रुमाल. मला त्याचं काही वाटत नाही.

काल पुन्हा खालून आवाज आला. सुषमानं आता पोरांना नवीन शिकवलं आहे. झाडापासूनही दूर, अंगणाच्या मधोमध, हात डोक्यावर. सगळी पोरं तशी धावली. निलम मात्र उलटी आली. माझ्याकडे. येऊन माझा तुटका पाय दोन्ही हातांनी धरून बसली.

"निलम! तिथं नको! मोकळ्यात ये!" सुषमा ओरडली.

"ताई, तो भितो," निलम म्हणाली. "त्याला एकट्याला भ्या वाटतं."

मित्रांनो, ती खोटं बोलली नाही. मला भीती वाटते. पाय तुटल्यापासून फार वाटते. पण तिला कोणीतरी सांगा हो. माझा आवाज तिच्यापर्यंत पोचत नाही, तुमचा पोचेल. आणि तुम्हीही ऐका. वस्तू निवडताना पारखून घ्या, वापरलीत की पुसून ठेवा, आमच्यावर माया करा, सगळं करा. पण जमीन हलली की आमच्याकडे वळून बघू नका. टेबल, ट्रायपॉड, दप्तर, ताट, काही नाही. तिला सांगा, तो भितो तर भिऊ दे. तू हात सोड आणि मोकळ्यात पळ.